सतरा माणकांचं घड्याळ

घड्याळ दुरुस्तीला नेताना घरातली जुनी माणसं एक ताकीद हमखास द्यायची. समोर बसून उघडून घे, नाहीतर आतले हिरे काढून घेईल. हा समज इतका पक्का होता की गरीब बिचाऱ्या घड्याळजीवर आयुष्यभर चोरीचा संशय असायचा. तबकडीवर '१७ ज्वेल्स' छापलेलं असे आणि त्यावरून आत काहीतरी विकण्याजोगं आहे, असं लोक धरून चालत.

आत खडे असतात हे खरं. ते माणकाचे असतात हेही खरं. पण ती माणकं खाणीतली नव्हेत, भट्टीतली. ऑग्युस्त व्हर्न्यूय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये आपली पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक भुकटीत थोडं क्रोमियम मिसळायचं, ती हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची, की वितळलेले थेंब एकावर एक साठत जाऊन माणकाची कांडी तयार होते. कडकपणात खाणीतल्या माणकाइतकीच. त्यामुळे घड्याळातल्या खड्याची किंमत खड्यासाठी नसते, त्याला पाडलेल्या भोकासाठी असते. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, आसाचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड, कधी त्याहून बारीक. तेवढं भोक माणकात पाडायचं, आतून गुळगुळीत करायचं आणि वरच्या अंगाला तेल थांबेल अशी वाटी कोरायची. सोनाराकडे नेलात तर तो हा खडा दारातूनच परत करील.

हिऱ्यांची गोष्ट मात्र अगदीच बिनबुडाची नाही. जॉन हॅरिसनने समुद्रावर रेखांश काढण्यासाठी केलेल्या एच-४ या घड्याळात ठोक्याचा घाव झेलणारे दोन तुकडे खरोखरच हिऱ्याचे होते. १७६१ मध्ये हे घड्याळ जमैकाला निघालं आणि ८१ दिवसांच्या प्रवासात, त्याची नेहमीची चाल हिशेबात धरून, जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. खड्याला भोक पाडून त्यात आस फिरवण्याची कल्पना त्याहूनही जुनी. निकोलस फातियो या स्विस गणितज्ञाने १७०४ मध्ये लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

खडे सतराच का, याचा हिशेब सोपा आहे. बॅलन्सच्या दोन्ही टोकांना दोन-दोन, म्हणजे चार. बॅलन्सला धक्का देणारी बारीक खुंटी एक. एस्केप व्हीलचा एकेक दात सोडणाऱ्या अँकरच्या दोन्ही हातांना एकेक आणि त्याच्या आसाला दोन. मग एस्केप व्हील, चौथं, तिसरं आणि मधलं चाक, प्रत्येकी दोन. सतरा झाले. चावीच्या साध्या घड्याळात जिथे घर्षण मोजण्याजोगं आहे ती जवळजवळ सगळी ठिकाणं यात आली. यापुढचे खडे ऑटोमॅटिकच्या जादा चाकांसाठी किंवा जाहिरातीसाठी. साठच्या दशकात जपानच्या ओरिएंट कंपनीने शंभर ज्वेलचं घड्याळ विकायला काढलं. त्यातले बरेच खडे काही काम न करता नुसते बसून होते. घड्याळांच्या जगातला हा विनोद मला फार आवडतो.

माझ्या वडिलांची एचएमटी जनता सतरा ज्वेलचीच. सरकारी एचएमटीने जपानच्या सिटिझनकडून तंत्रज्ञान घेतलं आणि १९६१ मध्ये पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढची दोन-तीन दशकं मॅट्रिक पास झालेल्या मुलाला आणि लग्नात जावयाला तेच घड्याळ मिळे. जनता सेकंदाला पाच ठोके देते. दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला पावणेसोळा कोटींच्या वर. दिवसातले ८६,४०० सेकंद धरले आणि घड्याळ वीस सेकंद मागे पडलं असं म्हटलं, तर चूक दर दहा हजारामागे सव्वादोनच्या आसपास. आपण त्याला 'चुकीचं घड्याळ' म्हणतो. इतकी नेमकी चालणारी दुसरी कुठली वस्तू, बिनविजेची आणि निव्वळ पितळ-पोलादाची, आपल्या घरात आहे, असं मी अनेकांना विचारून पाहिलं आहे. शिवणयंत्राचं नाव निघतं. पण त्याला कोणी तसा हिशेब विचारत नाही.

ही नेमकेपणाची गोष्ट खड्यांपाशी संपत नाही. खडे झीज रोखतात, एवढंच. वेळ मोजते ती बॅलन्सवरची बारीक वेटोळ्यांची हेअरस्प्रिंग, आणि तिचं खरं दुखणं घर्षण नव्हे, हवामान आहे. पोलाद तापलं की लांबतं हे शाळेत शिकवतात. पण घड्याळाला छळतं ते लांबणं नव्हे, तापल्यावर स्प्रिंग मऊ पडणं. साध्या पोलादाची स्प्रिंग असेल तर तापमान एका अंशाने वाढल्यावर घड्याळ दिवसाला सुमारे दहा सेकंद मागे पडतं. नागपुरातला मे महिना आणि डिसेंबरातली पहाट यांच्यात तीस-पस्तीस अंशांचा फरक धरा. टेबलावर ठेवलेलं असं घड्याळ एका ऋतूत दुसऱ्यापेक्षा दिवसाला पाच-सहा मिनिटांनी वेगळं चालेल. मनगटावर अंगाची ऊब असल्यामुळे हा त्रास कमी, पण रात्री काढून ठेवलंत की आहेच.

जुन्या कारागिरांनी यावर दोन धातूंचा तोडगा काढला होता. बॅलन्सची कड आत पोलादाची, बाहेर पितळेची, आणि मध्ये कापलेली. उन्हाळ्यात पितळ जास्त फुगून कड आत वळे, चाकाचा घेर कमी होई आणि मऊ पडलेल्या स्प्रिंगची भरपाई होई. कडेला बारीक स्क्रू बसवून ते मागेपुढे करत कारागीर दिवसेंदिवस जुळवत बसे. दिसायला देखणं, करायला जिवावरचं.

यातून सुटका केली ती एका पदार्थशास्त्रज्ञाने. शार्ल एदुआर गियोम याचा जन्म १८६१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावी, घड्याळाच्या धंद्यातल्या घराण्यात. तो पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत काम करायचा. मीटरचे प्रमाण गज प्लॅटिनम-इरिडियमचे, म्हणजे भलतेच महाग. म्हणून तो स्वस्त धातू शोधत होता. १८९६ मध्ये त्याला सापडलं की लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळलं तर तो मिश्रधातू उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही. हा इन्व्हार. पुढे क्रोमियमची भर घालून त्याने एलिन्व्हार केला. त्याची लवचिकता तापमानाने ढळत नाही. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला निकेल-पोलादावरच्या या कामासाठी मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षीचं पारितोषिक आइन्स्टाइनचं, त्यामुळे गियोमचं नाव झाकोळलं गेलं असावं. १९३३ मध्ये राइनहार्ड श्ट्राउमानने याच वाटेवर निव्हारॉक्स हा मिश्रधातू आणला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बहुतेक सगळ्या चावीच्या घड्याळांची स्प्रिंग याच कुळातली आहे. काडीइतकीही चमक नसलेली, केसाहून पातळ, राखाडी पट्टी. घड्याळात काही मौल्यवान असेलच तर ते हे, आणि त्याची चोरी कोणी करत नाही.

वडिलांची जनता बरीच वर्षं कपाटात पडून होती. ती मी पुण्यातल्या एका जुन्या घड्याळजीकडे नेली, आणि त्यांनी बसायला स्टूल दिलं म्हणून बसलो. मागचं झाकण निघालं. तेल सुकून तपकिरी कडा धरलेल्या दिसत होत्या. आधी चावीचा उरलेला ताण सोडवला, मग बॅलन्स उचलून वेगळा ठेवला. बाकीचे भाग पेट्रोलच्या वाटीत गेले. काचेच्या झाकणाखाली एकेक चाक सुकत पडलं. घड्याळजीकाकांचं काम बघताना लक्षात आलं की त्यांचा बराच वेळ काही करण्यात जात नव्हता, बघण्यात जात होता. डोळ्याला भिंग लावून ते हेअरस्प्रिंग वरून बघत, मग आडवी धरून बघत. वेटोळी एकमेकांपासून सारख्या अंतरावर हवीत आणि सगळी एकाच पातळीत हवीत. बाहेरच्या वेटोळ्यात एका जागी किंचित वाक होता. मला तो दाखवूनही दिसला नाही. त्यांनी दोन चिमट्यांनी त्या जागी धरलं, सोडलं, पुन्हा पाहिलं. एवढंच.

तेल लावायची त्यांची सळई तारेची, टोकाशी चपटी. खड्यावर इतका बारीक थेंब ठेवला की मी विचारलं, "काका, एवढंसंच?"

"जास्त घातलं की पळतं. मग जिथं हवं तिथं राहतच नाही."

हे शब्दशः खरं आहे. खड्याच्या वाटीत मावेल तेवढं तेल पृष्ठताणामुळे आसाभोवती धरून राहतं. वाटी भरून वाहिली की ते पत्र्यावर पसरतं आणि आस कोरडा पडतो. अँकरच्या आसांना तर त्यांनी तेल लावलंच नाही. तिथे हालचाल इतकी थोडी की तेलाचा चिकटपणाच जड होतो. हेअरस्प्रिंगला तेलाचा थेंब लागला तर वेटोळी चिकटून घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं. मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकानेही हेच होतं, आणि त्यावर उपाय काही सेकंदांचा असतो. लोक मात्र घड्याळ गेलं म्हणून टाकून देतात.

मग लाखो रुपयांच्या स्विस घड्याळात असं काय असतं, हा प्रश्न उरतोच. तत्त्व तेच. खडे तसेच, स्प्रिंग त्याच कुळातली. फरक मुख्यतः हातकामाचा. ज्यूरा डोंगरांतले कारागीर चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे 'पुलां'च्या, कडा तिरक्या घासतात आणि तिथेच उगवणाऱ्या जेन्शनच्या वाळलेल्या काडीला हिऱ्याची पेस्ट लावून त्या चकाकवतात. पोलादाचा भाग कथलाच्या पाटीवर इतका सपाट घासतात की तो एका कोनातून आरशासारखा पांढरा आणि दुसऱ्यातून काळाकुट्ट दिसतो. एकेका भागावर तासन् तास जातात. २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या या कारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते योग्यच झालं. पण त्या चकाकीने घड्याळ अधिक नेमकं चालत नाही. घासकामाचा मूळ हेतू धातूची कूस काढणं आणि गंज रोखणं हा होता, तो केव्हाच भागला. आता ती कला आहे आणि कलेची किंमत मागावी. वेळेच्या नावाने मागू नये. वेळच हवी असेल तर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा काही शे रुपयांत ती जास्त चांगली देतो. सायकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात विकायला ठेवलं, तेव्हाच हा वाद संपला.

नव्या महागड्या घड्याळांत आता सिलिकॉनची हेअरस्प्रिंग येऊ लागली आहे. चुंबकाला दाद देत नाही, आकार अत्यंत नेमका. गुण निर्विवाद आहेत. फक्त ती वाकत नाही, तुटते. काकांनी दोन चिमट्यांनी जे केलं ते तिच्यावर करता येत नाही. तुटली की कंपनीकडून नवी घ्या. हाताला ऐकणारी स्प्रिंग आणि हाताला न ऐकणारी स्प्रिंग यांत मी पहिलीच्या बाजूचा आहे, आणि हे मत शास्त्रीय नाही हे मला ठाऊक आहे.

एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. आता सुटे भाग जुन्या घड्याळांतून काढले जातात. बाजारात चकचकीत रंगवलेल्या तबकड्यांची जनता आणि पायलट ही एचएमटीची मॉडेलं मिळतात. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना मुंबईचं नाव चिकटवलं आहे आणि ते कौतुकाने नव्हे. तबकडी नवी, आत चार घड्याळांचे अवयव, तेलाचा पत्ता नाही.

तुमच्या कपाटात असं एखादं घड्याळ असेल तर ते चालतंय का हे बघायला चावी देऊ नका. सुकलेल्या तेलात फिरलेला आस खड्यात झिजतो आणि तो नवा मिळणं आता अवघड आहे. आधी साफ करून तेल घालून घ्या, मग चावी द्या, आणि पुढे चार-पाच वर्षांनी पुन्हा तेल. तबकडी पिवळी पडली असेल तर पिवळीच राहू द्या.