न पेटलेल्या वणव्याचें मोल

सत्कृत्याचा मोबदला घ्यावा काय, हा प्रश्न जुना आहे. न घडलेल्या अनर्थाचा मोबदला घ्यावा काय, हें त्याचें नवें रूप उत्तर ऑस्ट्रेलियांतील गवताळ रानांत पाहावयास मिळतें. त्याकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे.

तेथें पावसाळा सरला म्हणजे माणसाहून उंच वाढलेलें गवत वाळूं लागतें. एप्रिल ते जुलैपर्यंत लावलेली आग मंद असते. ती थोडेंसेंच रान जाळून रात्रीच्या दंवानें बहुधा विझते. आगस्टानंतरचा वणवा मात्र कित्येक कोस पसरतो व झाडांनाही सोडीत नाहीं. आदिवासी हें हजारों वर्षें जाणत होते. आधींच ठिकठिकाणीं गवत जाळून ते पुढील वणव्याची वाट अडवीत. वसाहतीच्या काळांत ते आपल्या भूमीपासून दुरावले आणि रानें मोठ्या वणव्यांच्या तावडींत सांपडलीं.

जळालेल्या गवताचा कार्बन डायऑक्साइड पुढील वर्षीं नवें गवत शोषून घेतें, म्हणून तो हिशेबांत धरीत नाहींत. धुरांतील मिथेन व नायट्रस ऑक्साइड धरतात. २००६ सालीं पश्चिम आर्नेम लँडच्या सुमारें २८,००० चौरस किलोमीटर प्रदेशांत या वायूंची घट करण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि डार्विन येथील नैसर्गिक वायूच्या कारखान्याच्या चालकांनीं त्यासाठीं पैसे देण्याचा करार केला. २०११ च्या कायद्यानंतर गुरचराईच्या पट्टेदारांसही ही वाट मोकळी झाली.

पुण्य विकलें म्हणजे तें उणें होतें काय? आमच्या मतें नाहीं. आम्ही शिक्षक वेतन घेतों, म्हणून विद्या विटाळत नाहीं. उन्हातान्हांत राखण करणाऱ्यास त्याच्या श्रमाचें मोल मिळालेंच पाहिजे.

विकत घेणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. आमच्या कथांतून एकादशीचें पुण्य दुसऱ्यास दिल्याचें ऐकूं येतें. पण त्या पुण्याच्या भरवशावर नवें पाप करण्याची मुभा कोणी मागत नाहीं. हवेस धूर कोणाचा हें कळत नाहीं, म्हणून बेरीज-वजाबाकी जमते हें खरें. तथापि एकानें टाळलेला धूर दुसऱ्यानें सोडला, तर शिल्लक कांहींच उरली नाहीं. दुसऱ्याच्या लंघनानें आपलें अजीर्ण बरें होत नाहीं.

राहिला पट्टेदार. १९९६ सालीं विक खटल्यांत तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयानें, गुरचराईच्या पट्ट्यामुळें आदिवासींचा भूमीवरील मूळ हक्क बुडतोच असें नाहीं, असा निर्णय दिला. मग वेळेवर आग लावण्याची विद्या ज्यांची, त्यांना वगळून तिचें सर्व उत्पन्न एकट्या पट्टेदारानें घ्यावें, हें न्याय्य कसें? पैसा येण्यापूर्वीं ज्यांनीं रान राखलें, त्यांचा वाटा आधीं काढून ठेवावा. मग उरलेल्याचा हिशेब खुशाल मांडावा.