न उचललेला फोन



हवाई बेटांत मोलोकाई ते ओआहू ही पॅडलबोर्डची शर्यत १९९७ साली सुरू झाली. फळीवरून सुमारे ५१ किलोमीटर समुद्र पार करायचा! समजा, अशा वेळी घरून आईने शेवटचा फोन केला. स्पर्धक दोषी का? (आपल्याकडे समुद्राऐवजी हार्बरची गर्दी, एवढाच फरक.)

संत थॉमस अक्विनास म्हणतात, खऱ्या अज्ञानातून घडले त्यात आपली इच्छा नसते. म्हणून पापही नसते. तरी मन खातेच. ती टोचणी मला खोटी वाटत नाही. ती प्रेमाची आहे, अपराधाची नव्हे.

पण नाव पाहूनही ‘नंतर बघू’ म्हणत फोन खिशात टाकला, तर तिथे संत थॉमसही आपली सुटका करीत नाहीत. पुष्कळजण दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून पापनिवेदनाला येतात. त्या वेगळ्या करायलाच जास्त वेळ लागतो.