बेट कोणी बांधले?

गेल्या दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला. शेजारी परातीत समुद्र. त्यात मधोमध एक दगड ठेवून नातवाने विचारले, "आजोबा, खरी बेटं कोण बांधतं?"

मी त्याला पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांविषयी सांगितले. ती बांगडीसारखी गोलाकार मांडलेली असतात, आत उथळ पाणी. अशा बांगडीला कंकणद्वीप म्हणतात. बांधणारे गवंडी म्हणजे प्रवाळाचे चिमुकले जीव. पण ते उजेड पोचेल अशा उथळ पाण्यातच वाढतात. मग भर समुद्रात त्यांना पाया मिळाला कुठे?

बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाचा काठ हाच पाया, असे लायेल म्हणे. डार्विनने १८४२ साली मांडले, की ज्वालामुखी सावकाश खचतो आणि प्रवाळ तितक्याच सावकाश वर चढते. डोंगर बुडतो, कडे उरते. १८८० साली मरे म्हणाला, खचायला कशाला हवे? सूक्ष्म जीवांच्या अवशेषांचा थर साचून समुद्रतळच उंचावतो. कोणा धनवंताने तिथे खोल भोक पाडून पाहावे, अशी इच्छा डार्विनने १८८१ साली पत्रात लिहिली. पुढच्या वर्षी तो वारला.

तशी भोके १९५२ साली एनिवेटोक कंकणद्वीपावर पडली. बाराशे मीटरांहून खोलवर उथळ पाण्यातलाच चुनखडक, आणि त्याखाली ज्वालामुखीचा काळा दगड! डार्विन खरा ठरला.

पण शास्त्रज्ञ तिथे पोचले होते ते अणुचाचण्यांच्या निमित्ताने. तिथल्या रहिवाशांना १९४७ सालीच हलवले होते. आणि १ नोव्हेंबर १९५२ रोजी त्याच कंकणातले एलुगेलाब बेट हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटात नाहीसे झाले. उरला दीड किलोमीटरहून रुंद खड्डा.

एखादी गोष्ट कशी घडली हे कळले, की तिच्याविषयी माया वाटतेच, असे मी आजवर धरून चाललो होतो. इथे तर कळणे आणि मोडणे एकाच वर्षी, एकाच जागी घडले. यात ज्ञानाचा काय दोष, असे कोणी म्हणेल. दोष नाहीच, पण नुसत्या ज्ञानाने हात आवरत नाही, एवढे खरे.

भाऊबिजेच्या संध्याकाळी मुले रिवाजाप्रमाणे किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावायला निघाली. नातू थबकला. "आजोबा, आपणच बांधलाय, मग आपण उडवला तर चालतं ना?"

"चालतं," मी म्हणालो. "पण ते बेट त्यांनी बांधलं नव्हतं."