कंपनीला शिव्या कशाला देता?

गाडी वापरलीच नाही, मग बॅटरी गेली कशी, म्हणे! असं विचारणाऱ्याने वर्गात झोपा काढल्या, दुसरं काय? बॅटरी म्हणजे कपाटातली पैठणी आहे का, नेसली नाही म्हणून टिकायला?

उसाची शेवटची खेप पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर टाकली, गाडी बांधाला लावली आणि ती थेट दसऱ्याला आठवली. मधल्या काळात बॅटरीच्या पेटीचं झाकण कोणी उघडलं? कोणीच नाही. नंदुरबारचा मे महिना तुम्हाला मी सांगायचा का? तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यात तुमचा जीपीएस. ५० मिलीअँपिअर म्हणजे किरकोळ वाटतं ना? कर गुणाकार. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. १५० ची बॅटरी चार-साडेचार महिन्यांत रिकामी. गाडी झोपली होती, जीपीएस जागा होता!

उतरली तर पुन्हा भरू, ही वर आणखी अक्कल. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. ताजं असेपर्यंत ते चार्जिंगने जातं. महिनोन्‌महिने तसंच ठेवलं की त्याचे कडक खडे होतात, मग वाटेल तेवढा करंट द्या, तेवढी प्लेट मेली. म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

आणि दर रविवारी दहा मिनिटं गाडी ‘गरम’ करणारे शहाणे कुठायत? उभा राहा. आयडलवर अल्टरनेटर देतो किती? सेल्फने घेतलेलं कसंबसं परत मिळालं असेल. आठवडाभरात जीपीएसने खाल्लेले आठ अँपिअर-तास कोणी भरायचे? डिझेल जाळलंस ते वेगळंच.

आता इकडे या. २४ व्होल्टची गाडी, १२ च्या दोन बॅटऱ्या, एकीला जोडून दुसरी. मल्टीमीटर लाव. ही १२.५, ती ११.४. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या! ही बारकी निळी वायर कशाची? बोल ना! टेपची. टेप १२ व्होल्टचा, म्हणून एकाच बॅटरीवरून वायर मारली. अल्टरनेटर दोघींचे मिळून २८ व्होल्ट बघतो, कुणाच्या वाट्याला किती गेलं ते त्याला दिसत नाही. एक कायम उपाशी, दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. कन्व्हर्टर बसवायला जिवावर आलं आणि आता दोन्ही बॅटऱ्या घ्यायची वेळ आली. हो, दोन्ही. जुनीच्या गळ्यात नवी बांधलीस तर नवीही लवकर जाईल.

त्यात पाणी घातलंय बोअरचं. टर्मिनलवर हा हिरवा-पांढरा भुगा. आणि शिव्या बॅटरी कंपनीला!

परवा कोणीतरी फुशारकी मारत होता, बॅटरी उतरली तरी चांदसैली घाटात गाडी उतारावर सोडली की होते स्टार्ट. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद. टाकीतली हवा संपल्यावर ब्रेक कशाने मारणार होतास, तोंडाने?

काम केवढं होतं? गाडी लावताना बॅटरी पूर्ण चार्ज करायची, आधी निगेटिव्ह वायर काढायची, महिन्याला मीटर लावायचा. १२.४ च्या खाली गेली की स्लो चार्जिंग, १५० ला १५ अँपिअर, रात्रभर. फास्ट चार्ज करून प्लेटा भाजायच्या नाहीत. याला इंजिनिअर लागतो का?

चल, उपाशी बॅटरी आधी घे. एकटी चार्ज कर, मग हायड्रोमीटरने सहाही सेल तपास आणि आकडे लिहून आण, अंदाज सांगू नकोस. खिडक्या उघडा. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, तेव्हा ती कानामागची बिडी दाराबाहेर. आणि टर्मिनलवर पाना कोणी ठेवला? उचल!