शेराच नको, तर फोन कशाला?

“शेरा लिहायचा नाही, की फोनपण करायचे नाहीत?” काकांनी विचारलं होतं. लॅपटॉपवरून मान वर न करता मी म्हणालो, “काका, शेराच नको, तर फोन कशाला?”

काका म्हणजे आमच्या ऑपरेशन्समधले सगळ्यात जुने. कंपनी मालवाहतुकीची, मी तिथे डेटाबेस सांभाळतो. रोज दुपारी तीनला काका रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला फोन करायचे आणि एका कॉलममध्ये शेरा टाकायचे. ‘जेवायला थांबला’, ‘टायर बदलला’, ‘ठीक’. बहुतेक वेळा ‘ठीक’च. मी सगळा कोड धुंडाळला. तो कॉलम एकही रिपोर्ट वाचत नव्हता. रोजचे दोन तास, आणि वाचणारं कुणी नाही! मी कॉलम उडवला आणि मीटिंगमध्ये शाबासकी घेतली.

हे मी माझ्या धंद्याला धरूनच केलं होतं. एसक्यूएलमध्ये आपण काय हवंय एवढंच सांगतो. ते कसं आणायचं हे डेटाबेसमधला क्वेरी प्लॅनर ठरवतो. १९७९ साली आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी खर्चाचा अंदाज बांधून रस्ता निवडणारा प्लॅनर मांडला, आणि आजचे बरेच प्लॅनर त्याच घराण्यातले. स्वभावाने कंजूष. समजा आतल्या क्वेरीत दहा कॉलम काढलेत आणि बाहेरची क्वेरी त्यातले दोनच मागते. उरलेल्या आठांत कुठे भारी हिशेब असेल तर तो करायचा कशाला? पोस्टग्रेसचा प्लॅनर आतली क्वेरी बाहेरच्या क्वेरीत मिसळून टाकता येत नसेल, तर असे बिनकामाचे कॉलम हुडकतो आणि त्यांच्या जागी सरळ नल ठेवतो. जागा राहते, काम जातं.

पण तो आधी थबकतो, आणि हे थबकणं मी विसरलो होतो. आतल्या क्वेरीत डिस्टिंक्ट असेल, तर बाहेर कुणी न मागितलेला कॉलमही तो काढत नाही. कारण कुठल्या दोन ओळी वेगळ्या मानायच्या हे त्याच कॉलमवर ठरत असतं. आणि कॉलममध्ये व्होलटाइल फंक्शन असेल, तर त्याला हातच लावत नाही. व्होलटाइल म्हणजे उत्तर देता देता बाहेरच्या जगात काहीतरी बदलू शकणारं फंक्शन. नेक्स्टव्हॅल घ्या. ते पुढचा क्रमांक देतं. तो क्रमांक कुणी वाचो न वाचो, मोजणी पुढे सरकलेली असते. उत्तर नको होतं म्हणून ते चालवलंच नाही, तर उत्तरासोबत तो बदलही गेला. कुणीतरी त्या बदलावर विसंबून असेल, म्हणून प्लॅनर ते धाडस करत नाही.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती एक साधी सोय. फंक्शन लिहिताना तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर पोस्टग्रेस त्याला व्होलटाइल धरतं. म्हणजे माहीत नसेल तेव्हा गृहीत हे, की याच्या चालण्याने कुठेतरी काहीतरी होत असेल. मी नेमकं उलटं गृहीत धरलं होतं.

बरं, ही पाटी लावतो कोण? फंक्शन बनवणारा. उत्तर मागणाऱ्या क्वेरीला तो अधिकार नाही. ती ‘मला हे नको’ म्हणू शकते, ‘याने काही होत नाही’ असं म्हणू शकत नाही. ऑफिसात मात्र ही दोन वाक्यं आपण सर्रास एकच समजतो, आणि दुसरं वाक्य बोलणारा हटकून रिपोर्ट वाचणारा असतो. पाटी चुकीची लावली तर डेटाबेस ती तपासत बसत नाही, विश्वास ठेवतो. एररही येत नाही. काम फक्त होत नाही.

दीड महिना सगळे रिपोर्ट जसेच्या तसे आले. मग एका संध्याकाळी आमची एक गाडी खंबाटकी घाटाच्या अलीकडे डिव्हायडरवर गेली. ड्रायव्हरचं खांद्याचं हाड मोडलं. त्याला सकाळपासून ताप होता. काका दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, “तीनच्या फोनला सांगणार होतो.” मग स्वतः का नाही फोन केला, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, आपणहून फोन करून ताप आहे सांगणं म्हणजे ट्रिप नाकारणं. विचारल्यावर सांगणं वेगळं.”

फोन आला असता तर अपघात टळलाच असता असं मी म्हणत नाही. तापातही माणसं ‘ठीक’ म्हणतात. आणि म्हणून ऑफिसातलं प्रत्येक जुनं काम पवित्र आहे असंही नाही. सही करून तीन प्रती काढायची आमच्याकडची पद्धत मी बंद केली, त्याचं मला आजही काही वाटत नाही. खुद्द तो शेराही निरुपयोगीच होता. काकांनाही तो लिहिण्याचा कंटाळा होता. मी कॉलम काढला तेव्हा त्यांना बरंच वाटलं असणार. कॉलम काढण्यात माझं चुकलं नव्हतं. चुकलं त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना. त्यांनी कामाचे दोन भाग सुटे करून माझ्यासमोर ठेवले होते. कुठल्या भागाने काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि तरी पाटी मी लावली. त्यांना उलट विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

काका आता परत तीनला फोन करतात. शेरा लिहीत नाहीत. मध्यंतरी मॅनेजरांनी मला सांगितलं, की फोन इतके महत्त्वाचे असतील तर ‘फोन केला: हो / नाही’ असा एक कॉलम टाकून दे, म्हणजे रिपोर्टमध्ये दिसेल. काकांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले, “मग ‘हो’ लिहिण्यासाठी फोन करतील, बघ.”

ते तिकीट अजून माझ्याकडे पडून आहे.