देह कोणासाठी? धारचा देह आणि देवासचा देह



देहाची निगा राखणे म्हणजे देहाचे लाड करणेच नव्हे काय, असा प्रश्न पुष्कळ श्रद्धाळू विचारतात. देह नश्वर आहे, आज ना उद्या मातीत मिळणार आहे. मग त्याच्यासाठी पहाटे उठून जोर-बैठका कशाला काढाव्यात आणि ताटात काय वाढले आहे याची चिकित्सा तरी कशाला करावी? उलट बाजूला आजचा तरुण आहे. तो आरशापुढे उभा राहून दंडाचा घेर मोजतो आणि त्यातच धन्यता मानतो. हे दोन पक्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, परंतु दोघांची चूक एकच आहे. दोघेही देहाला आपल्या मालकीचा समजतात. एक म्हणतो, माझा आहे, मी तो टाकीन. दुसरा म्हणतो, माझा आहे, मी तो मिरवीन.

महात्मा बसवण्णांनी देहालाच देवालय मानले. देवालयाचा पुजारी हा देवालयाचा मालक नसतो. ते पडू द्यावे असा त्याला अधिकार नाही आणि त्यात स्वतःची मूर्ती बसवावी असाही अधिकार नाही. रोज झाडलोट करणे, दिवा लावणे आणि आत कोण आहे याचे भान ठेवणे, एवढेच त्याचे काम. कालिदासाने कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात हाच विचार साक्षात शिवाच्या मुखी घातला आहे. पार्वती तपाने शरीर झिजवीत आहे, झाडाचे गळलेले पानही तिने वर्ज्य केले आहे; आणि बटुवेषात आलेला शिव तिला आठवण देतो की धर्माचे पहिले साधन शरीर हेच होय. ज्याच्यासाठी तप, तोच शरीराची विचारपूस करतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

साधन म्हटले की साध्याचा प्रश्न येतो. देह बळकट करावा, पण कोणासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माळव्यातील दोन गावे डोळ्यांपुढे येतात. दोन्ही पवारांची राजधानी: एक धार, दुसरे देवास.

धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आनंदीबाईंनी त्या धामधुमीत तेथे आश्रय घेतला होता. या बाजीरावाला व्यायामाची विलक्षण आवड. बाळंभटदादा देवधर हे त्याच्या पदरचे. मल्लखांबाची विद्या त्यांनीच नव्याने उभी केली, असे परंपरा सांगते. लाकडी खांब आणि स्वतःचा देह, याखेरीज त्या विद्येला काही लागत नाही. बाजीरावाचे शरीर कसलेले होते. पण १८१८ साली त्याने माल्कमपुढे शरणागती पत्करली, सालीना आठ लाखांचे पेन्शन घेतले आणि १८५१ पर्यंत बिठूरला दिवस काढले. दंडात बळ होते, ते कोणाच्या कामी यायचे हे ठरले नव्हते. विद्येचा मात्र दोष नाही. ती शिष्यांच्या हातून पुढे गेली, महाराष्ट्रभर पसरली आणि २०१३ साली मध्यप्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. जे स्वतःपुरते ठेवले ते संपले, जे दुसऱ्याला दिले ते टिकले.

आता देवास. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली कोमकली मठ घराण्यात शिवपुत्र नावाचा मुलगा जन्मला. जग त्यांना पं. कुमार गंधर्व म्हणून ओळखते. तारुण्यातच क्षयाने फुप्फुसे पोखरली. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली ते देवासला आले. गाणे बंद, उठणे-बसणेही मोजके. त्या काळी नवे असलेले स्ट्रेप्टोमायसिन, सक्तीची विश्रांती आणि पत्नी भानुमतींची अहोरात्र शुश्रूषा यांनी ते सावरले. अंथरुणावर पडल्या पडल्या कानी येणारी माळवी स्त्रियांची गाणी त्यांनी मनात साठवली. चार-पाच वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा फुप्फुसाचे बळ पूर्वीचे नव्हते. पण उरलेला श्वास त्यांनी असा वापरला की १९९२ साली देह ठेवीपर्यंत तो लाखोंच्या अंतःकरणाला पुरला.

तर मग कसलेला देह श्रेष्ठ की अर्पिलेला देह, याचे उत्तर उघड आहे. मोडलेले देवालयही देवालयच असते. जो आजारी आहे, अपंग आहे, वृद्ध आहे, त्याला कमी लेखण्याचा अधिकार कोणत्याही बलवानाला नाही. परंतु यातून आळशाने पळवाट काढू नये. कुमारजी वाचले ते औषधाने, पथ्याने आणि संयमाने, म्हणजे देहाची काळजी घेतल्यानेच. ज्याचा श्वास धडधाकट आहे त्याने तो आळसाने वाया घालवणे, ही अर्पणाच्या वस्तूची नासाडी होय.

आज हा प्रश्न घरोघरचा आहे. पिथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत पाळीने काम करणारा, बँकेत वा दुकानात दिवसभर बसणारा आपला भक्त कायक करतो खरा, पण त्या कायकात काया हलत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. त्यासाठी व्यायामशाळेची फी लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो एका सतरंजीएवढ्या जागेवर. भिंतीला हात टेकून जोर काढावेत. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेला, मग जमिनीवर. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. तीच पुढे बैठक होते. आज जेवढे झाले त्यात आठवड्याने थोडी भर घालावी. गुडघे, हृदय वा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने आणि मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने वैद्याला विचारूनच आरंभ करावा.

मात्र दिवसभर शेतात वाकलेल्या मजूर बाईला कोणी बैठका सांगू नयेत. तिला हवे आहे पोटभर सकस अन्न आणि झोप. व्यायामाचा उपदेश करताना समोर कोण आहे हे पाहिले नाही, तर उपदेशाचा अपमान होतो.

आहाराचेही असेच. माळव्याच्या काळ्या मातीत ज्वारी होती, मका होता, हरभरा होता. १९७० नंतर सोयाबीन आले, हाती रोख पैसा आला आणि ज्वारी मागे हटली. भाकरीची जागा मैद्याच्या बिस्किटाने, पुडीतल्या तळलेल्या पदार्थाने घेतली. धान्य जेवढे अखंड, तेवढा त्यातील कोंडा आणि सत्त्व शाबूत. पोटही लवकर भरते आणि साखरही हळू चढते. ज्वारी वा मक्याची भाकरी, सालासकट डाळ वा उसळ, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे, एवढे पुरे. आपल्या मठांतील हुग्गी अखंड गव्हाची असते हे चांगलेच. पण गूळ हीही साखरच, म्हणून वाटी एकच घ्यावी. ‘प्रसाद टाकू नये’ याचा अर्थ पोट ओसंडेपर्यंत खावे असा नाही. मुळात बेताने वाढून घ्यावे असा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कित्येक घरांत पुरुष व्यायाम करून येतो, दूध-बदाम घेतो आणि घरची सून सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते. तिच्या अंगात रक्त नसते, आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. देह देवालय असेल, तर तिचाही आहे. दासोह मठाच्या पंगतीत सुरू होत नाही. तो घरच्या चुलीपाशी सुरू होतो. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, सारखे वाढावे. पहाटेची अर्धी घटका तिलाही मोकळी मिळावी, आणि तेवढा वेळ चूल पुरुषाने सांभाळावी. दंडातील बळ प्रथम तेथे दिसू द्या.

धारच्या देहात बळ होते, देवासच्या देहात अर्पण होते. दोन्ही ज्याच्या ठायी एकत्र आले, त्याचे कायक सफल झाले. म्हणून उद्या पहाटे लिंगपूजेला बसण्यापूर्वी बारा नमस्कार घालावेत, आणि हे बळ आज कोणाच्या उपयोगी पडणार आहे, एवढे स्वतःला विचारून दिवसाला लागावे.