नाव कोणाच्या हाती?

माणसाचे नाव चांगले की वाईट, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? स्वतः त्या माणसाचा, की त्याच्याविषयी बोलणाऱ्या लोकांचा? वरवर पाहता प्रश्न साधा वाटतो. परंतु ज्या समाजाचे नाव शतकानुशतके दुसऱ्यांनीच ठेवले, दुसऱ्यांनीच उच्चारले आणि दुसऱ्यांनीच मातीत घातले, त्या समाजाला हा प्रश्न सहज बाजूला सारता येणार नाही. धम्माच्या वाटेवर नव्याने पाऊल ठेवलेल्या कुटुंबांनी तर त्याचा विचार अगत्याने केला पाहिजे. कारण आज घराघरात मोबाईल आला आहे आणि आपल्या मुलामुलींचे नाव गावाच्या चावडीवर नव्हे, तर त्या हातभर अंतरावरच्या पडद्यावर तोलले जात आहे.

प्रथम आपली जुनी प्रतिष्ठा कशी होती ते पाहू. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांचेही काही 'नाव' होते, हे विसरता कामा नये. जो पाटलाच्या वाड्यापुढे पायरीखाली हात जोडून उभा राही, जो मेलेले ढोर मुकाट्याने ओढी, शिळ्या तुकड्यावर समाधान मानी, त्याला गाव 'इमानी' म्हणत असे. 'आपला माणूस आहे' असे त्याचे कौतुक होई. आणि ज्याने मान वर केली, तो 'माजला' ठरे. महाडच्या परिषदेत मार्च १९२७ मध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचा उपदेश केला. तो ज्यांनी पाळला, त्यांची गावोगाव नाचक्कीच झाली. म्हणजे गावाच्या तराजूत गुलामी हा सद्गुण होता आणि स्वाभिमान हा दुर्गुण!

वतनाची गोष्टही तशीच. महारकीच्या वतनाला गाव 'मान' म्हणत असे. काही आपलेही लोक त्या मानाला चिकटून होते. बाबासाहेबांनी मात्र या मानाच्या आतली बेडी ओळखली आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिला ते स्वतः आले होते. आपल्या भागातील वृद्ध मंडळींच्या तोंडून आजही त्या परिषदेच्या आठवणी निघतात. त्या परिषदेची आठवण ठेवणे म्हणजे एवढे ध्यानात ठेवणे की, लोक ज्याला मान म्हणतात तो मान असतोच असे नाही. स्तुती हीदेखील साखळी असू शकते.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि आपण आपले नाव स्वतःच्या हाती घेतले. मनुस्मृतीने शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे सांगितले होते. त्याप्रमाणे आपल्या घरात धोंड्या, कचऱ्या, दगड्या अशी नावे चालत आली. दीक्षेनंतर त्याच घरांच्या पाळण्यात सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, यशोधरा आले. शाळेच्या हजेरीपटावर ही नावे रोज पुकारली जातात, तेव्हा ती केवळ नावे नसतात; आमची ओळख यापुढे आम्ही सांगू, ही ती घोषणा असते.

मग आज चिंता कशाची? चिंता अशी की, एवढ्या कष्टाने गावाच्या तोंडातून सोडवून आणलेले नाव आपण पुन्हा एका मोठ्या गावाच्या तोंडी देत आहोत. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. त्यावर काळा चष्मा घातलेला 'भावी' कोणीतरी असतो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. तेच फ्लेक्स आता मोबाईलवर रोज लागतात. किती जणांनी स्टेटस पाहिले, किती जणांनी अंगठा दाखविला, कोणी दाखविला नाही, याचा हिशेब रात्री उशिरापर्यंत चालतो. जयंतीला अभिवादन करावयाचे ते बाबासाहेबांना. पण छायाचित्रात बाबासाहेब मागे आणि आपण पुढे! उसनवारी करून मोटारसायकल घ्यायची, कारण तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढावयाचे असते. शहरातील शहाणे लोक यालाच स्वतःचा 'ब्रँड' उभारणे म्हणतात आणि ते शिकविण्याचे वर्ग चालवितात. ब्रँड हा शब्द बाजारातला आहे. साबणाचा असतो, चहाचा असतो. माणसाने स्वतःला पुडीत बांधून विकावयास ठेवावे काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल, 'गुरुजी, प्रसिद्धीवाचून आजच्या जगात काय चालते? वरच्या जातींची मुले आपले गुण जगाला दाखवितात, ओळखी जोडतात, नोकऱ्या मिळवितात. आमच्या मुलांनीच तेवढे गप्प बसावे काय?' हा आक्षेप खोटा नाही. मौन हे आपल्यावर लादलेले होते. ते आपण सद्गुण म्हणून का पाळावे? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी जे पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक' होते. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांना दुसऱ्याच्या पत्रात जागा नव्हती, त्यांना स्वतःचे पत्र काढावेच लागले. आज आपल्या हातातील मोबाईल हेही एका अर्थाने आपल्या मालकीचे पत्र आहे. आपल्या मुलीने चांगला निबंध लिहिला, मुलाने यंत्र दुरुस्तीचे काम शिकून घेतले, तर ते लोकांना अवश्य कळावे.

परंतु 'मूकनायक' कशासाठी होते? मुक्यांचे दुःख सांगण्यासाठी. संपादकाची आरती ओवाळण्यासाठी नव्हे. पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली आणि एखाद्याला नायक ठरवून त्याचे ढोल पिटणाऱ्या वृत्तपत्रांचाही समाचार घेतला. ज्या महापुरुषाने इतरांचे ढोल पिटणे नाकारले, त्याच्या अनुयायांनी स्वतःचेच ढोल पिटावेत, हे शोभते काय?

आता तथागतांनी याविषयी काय सांगितले ते पाहू. त्यांनी आठ लोकधर्म सांगितले आहेत: लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख. हे आठही वाऱ्यासारखे येतात व जातात. त्यावर ज्याने मन बांधले, त्याचे मन वाऱ्याबरोबर हेलकावे खाणारच. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की धम्माला नावलौकिकाची मुळीच किंमत नाही. तसे नाही. पाटलिग्रामच्या गृहस्थांना उपदेश करताना तथागतांनी शीलभ्रष्ट माणसाच्या पाच हानी सांगितल्या, त्यात दुष्कीर्ती ही एक आहे. आणि शीलवानाचे पाच लाभ सांगितले, त्यात सत्कीर्ती आहे. हे भिक्षूंना नव्हे, तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांना सांगितलेले आहे.

या दोन उपदेशांत विरोध नाही. कीर्ती हे फळ आहे. शील हे झाड आहे. झाडाची निगा राखली तर फळ आपल्या वेळेवर येते. एखाद्या वर्षी गारपीट झाली तर येणारही नाही, पण झाड उभे राहते. आज जे चालले आहे ते बाजारातून फळे आणून वाळक्या फांदीला दोऱ्याने बांधण्यासारखे आहे. चार दिवस ते शोभते. मग फळ सडते आणि दोराही दिसतो.

तर मग कोणाच्या मताला किंमत द्यावयाची? कोणाच्याच नाही, असे धम्म म्हणत नाही. सुज्ञ लोक ज्याला दोष देतील असे क्षुल्लक कर्मही करू नये, ही शिकवण आपण मेत्तसुत्तात नेहमी म्हणतो. 'सुज्ञ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जो पारखून बोलतो, ज्याला आपल्या स्तुतीतून काही मिळवावयाचे नाही आणि निंदेतून काही उकळावयाचे नाही, तो सुज्ञ. हजार अनोळखी अंगठ्यांपेक्षा अशा एका माणसाने 'तू हे चुकलास' म्हणणे अधिक मोलाचे आहे. आपल्या गावात अशी दोन-तीन माणसे कोण आहेत, हे प्रत्येक कुटुंबाने शोधून ठेवावे. ती बहुधा फ्लेक्सवर सापडणार नाहीत.

आता दुसरी बाजू. कोणी आपली खोटी बदनामी केली तर? समजा, एखाद्या शिकणाऱ्या मुलीच्या नावाने कोणी खोटे खाते उघडले आणि तिच्या छायाचित्रासह नको ते पसरविले. तिचे शिक्षण बंद करून घाईने लग्न उरकण्याचा विचार घरात सुरू होतो. बंधू-भगिनींनो, हा अपराध्याला सोडून निरपराधाला शिक्षा देण्याचा प्रकार आहे. ब्रह्मजाल सुत्ताच्या आरंभी सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालतो. तेव्हा तथागत भिक्षूंना सांगतात की, रागावू नका. रागावलात तर निंदकाच्या बोलण्यात खरे किती व खोटे किती, हेच तुम्हाला कळणार नाही. जे खोटे आहे ते खोटे म्हणून स्पष्ट सांगा. स्तुती झाली तरी हुरळू नका. खरे असेल तेवढेच मान्य करा. म्हणजे क्रोधही नाही आणि भित्रे मौनही नाही.

सुंदरी नावाच्या परिव्राजिकेचा खून करवून तिचे प्रेत विरोधकांनी जेतवनात पुरले आणि आळ भिक्षूंवर घातला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रसंग मुद्दाम घेतला आहे. उदान ग्रंथात असे आहे की, हा गलका सात दिवसांपलीकडे टिकणार नाही, असे तथागतांनी सांगितले आणि तसेच घडले. प्रत्यक्ष तथागतांवर आळ आला, तर आपल्या लेकीवर आला म्हणून तिने मान खाली का घालावी?

मात्र धीर म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. तो मजकूर पुसला जाण्यापूर्वी त्याची प्रत, तारीख व खात्याचे नाव जपून ठेवावे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. दुसऱ्याचे रूप घेऊन फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. आणि जातीवरून जाहीर अपमान केला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कायद्याचा मार्ग हा बाबासाहेबांचा मार्ग आहे. शिवीला शिवी देऊन आपण मात्र पुरावा निंदकाच्या हाती देतो.

शेवटी एक कटू गोष्ट. आपली बदनामी आपल्याला सलते. पण दुसऱ्याची बदनामी आपण किती सहज पुढे ढकलतो! दुसऱ्या गटाचा कार्यकर्ता, शेजारची सून, पोटजातीचा जुना राग, यांविषयी आलेला मजकूर खरा की खोटा हे न पाहताच बोट पडते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. खोटे पुढे पाठविणे हे खोटे बोलणेच होय. बोटाने केलेला मुसावाद जिभेच्या मुसावादाहून लहान नसतो. उलट तो अधिक दूर जातो.

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण नाव बदलल्याने विहिरीला पाणी वाढले नाही की ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांची शाळा सुटायची थांबली नाही. ते काम माणसांनाच करावे लागते. आपणही १९५६ नंतर नाव बदलले आहे. त्या नावाला शोभेल असे वागणे हेच त्या नावाचे रक्षण. मुलाच्या हाती मोबाईल देताना पालकांनी त्याला एवढेच सांगावे की, कोणी पाहत नसताना तू जे करतोस तेच तुझे नाव आहे. बाकी सारे लोकांचे बोलणे आहे.

जय भीम!